आप्पांनी न दिलेली ओ

आमच्या रविवारच्या भटकंतीला सुरुवात झाली ती डोळ्यांच्या डॉक्टरांमुळं. धाकट्याला आठव्या वर्षीच चष्मा लागला. डॉक्टर म्हणाले, "ह्याला रोज थोडा वेळ लांबचं काहीतरी बघू दे. झाडं, डोंगर, काहीही." आमच्या अनगोळच्या घराच्या खिडकीतून सगळ्यात लांबचं म्हणजे समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसते. मग सुट्टी मिळाली की बाहेर पडायचं, असं ठरलं.

मी एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. नवरा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर असतो, त्याचे बरेच रविवार कामातच जातात. त्यामुळं निघायचो आम्ही चौघंच. मी, तेरा वर्षांची मुलगी, चष्मेवाला धाकटा आणि माझे वडील. त्यांना मी आप्पा म्हणते, मुलं आज्जा म्हणतात. आप्पा प्राथमिक शाळेचे निवृत्त मास्तर. वय चौऱ्याहत्तर, पण चालायला आमच्यापेक्षा चिवट. आई गेल्यापासून ते आमच्याकडंच आहेत.

आधी गावातल्याच व्हॅक्सिन डेपोच्या आवारातली झाडं झाली, मग येळ्ळूरचा गड, मग खानापूरच्या पुढचं रान. बायकांना सरकारी बस फुकट, भाकरी-चटणी घरची, आणि रान काही तिकीट मागत नाही. मुलगी पडलेली पानं गोळा करायची. धाकटा मुंग्यांच्या रांगेमागं ओणवा होऊन जायचा. आप्पांनी एक खेळ काढला होता. एका जागी डोळे मिटून पाच मिनिटं गप्प बसायचं आणि किती वेगवेगळे आवाज ऐकू आले ते मोजायचं. ज्याचे जास्त, त्याला गुळाचा खडा. शहरात वाढलेली माझी मुलं पहिल्यांदा तिनाच्या वर गेली नव्हती. दोन महिन्यांत ती मला हरवायला लागली.

आप्पांना कुठंही चालायचं. फक्त मी कणकुंबीचं नाव काढलं की ते म्हणायचे, "तिकडं नको. पावसात जळवा लई." कणकुंबीच्या अलीकडच्या एका वाडीत त्यांचा जन्म झाला, एवढं मला माहीत होतं. लहानपणीच त्यांच्या वडलांनी तिथलं घर सोडलं आणि सगळे खानापूरला आले. त्यानंतर आप्पा कधी तिकडं गेले नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही. काही गोष्टी घरात असतात आणि त्यांच्याकडं बघायची सवयच नसते, तसं.

मागच्या श्रावणात मुलांनी हट्टच धरला. वर्गातल्या कुणीतरी तिकडचं धुकं बघून आलं होतं. जळवांवर उपाय माझ्याकडं होता. माझं सासर निपाणीचं, तिथून आलेली तंबाखू रात्रभर पाण्यात भिजवली आणि सकाळी सगळ्यांच्या पायांना चोळली. आप्पा घरी थांबतील असं वाटलं होतं. पण आम्ही चपला घालत असताना ते छत्री घेऊन दारात उभे राहिले. "पोरांना एकट्या तुझ्याबरोबर कसं सोडू?" म्हणाले.

जांबोटी मागं पडली आणि बस धुक्यात शिरली. कंडक्टरनं दिवे लावायला सांगितले. आम्ही कणकुंबीच्या आधीच्या एका फाट्यावर उतरलो. बस निघून गेल्यावर जी शांतता झाली, तिच्यात आमचेच आवाज मोठे वाटायला लागले. नकळत आम्ही सगळे हळू बोलू लागलो. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना झाडांच्या खोडांवर हिरवं शेवाळ चढलं होतं. दहा पावलांवरचं झाड दिसत होतं. त्याच्या पलीकडचं नुसतं असल्यासारखं वाटत होतं. पाऊस थांबला होता, पण पानांवरून थेंब पडतच होते, त्यामुळं कुणीतरी आमच्या मागून सावकाश चालत येतंय असा भास व्हायचा. मी दोनदा वळून बघितलं.

ओढ्याकाठी एक सपाट दगड मिळाला. तिथं आम्ही खेळायला बसलो.

पाच मिनिटं झाल्यावर मी सहा म्हणाले. मुलगी सात म्हणाली. धाकटा म्हणाला, "आठ. कुणीतरी शिट्टी मारतंय."

"कुठं?"

त्यानं ओढ्यापलीकडं बोट दाखवलं. आम्ही कान दिले. आधी फक्त पाणी. आणि मग आली. दोन आखूड सूर आणि एक लांब, शेवटी खाली उतरत गेलेला. अगदी माणसाची शिट्टी. काही काम नसताना, चालता चालता कुणी मारावी तशी. थोड्या वेळानं पुन्हा तशीच, जरा डावीकडून.

मुलगी हसली आणि तिनं ओठ गोल करून तशीच शिट्टी मारून बघितली. पहिल्याच खेपेला जमली.

"गप्प!" आप्पा ओरडले.

मी माझ्या आयुष्यात त्यांना मुलांवर ओरडताना ऐकलं नव्हतं. शाळेतसुद्धा ते छडी न वापरणारे मास्तर म्हणून ओळखले जायचे. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि दगडाशेजारचं गवत त्यांनी मुठीत गच्च धरलं होतं. "चला," ते म्हणाले. "बस चुकंल." बसला अजून दोन तास होते. तरी आम्ही उठलो. फाट्यावरच्या शेडमध्ये दोन तास बसून राहिलो. आप्पा सगळा वेळ रानाकडं पाठ करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं शाळेला गेली. मी डबा भरत होते. आप्पा स्वयंपाकघरात आले आणि पाटावर बसले.

"तुला मी सांगितलतं ना, मला एक आक्का होती, लहानपणी तापानं गेली म्हणून?"

"व्हय."

"तापानं न्हाय गेली."

मी गॅस बंद केला.

आक्का चौदा वर्षांची, आप्पा नऊ वर्षांचे. दोघं मिळून घरच्या म्हशी रानात न्यायचे. आक्का शिट्टी मारायची. पोरीच्या जातीनं शिट्टी मारायची नाही म्हणून माझी आजी, म्हणजे त्यांची आई, तिला कितीदा रागावली होती, पण रानात गेल्यावर ऐकायला कोण होतं? दोन आखूड, एक लांब. दोघांचं ठरलेलं होतं. आक्कानं शिट्टी मारली की आप्पांनी "ओ" द्यायची. धुक्यात एकमेकांचा पत्ता लागायला तेवढंच.

"त्या दिवशी एक पारडू चुकलं," आप्पा म्हणाले. "तिनं मला एक थोबाडीत दिली. मला राग आला. मी एका खडकाच्या कपारीत जाऊन बसलो. ती शोधायला लागली. शिट्टी मारली, मी ओ दिली न्हाय. पुन्हा मारली. मला वाटलं, रडू दे जरा. तिसऱ्यांदा मारली तवा लई लांबनं आली. मग आलीच न्हाय."

म्हशी संध्याकाळी आपल्या आपण घरी आल्या. मागोमाग आप्पा आले. आक्का आली नाही. वाडीतली माणसं आठ दिवस रान धुंडाळत होती.

"आईनं मला विचारलं, तिनं तुला हाक मारलती का? मी सांगितलं, न्हाय. काय ऐकलं न्हाय." आप्पांनी पाटाच्या कडेवरून बोट फिरवलं. "त्याला पासष्ट वर्षं झाली. आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाय. तुझ्या आईलाबी न्हाय. आणि काल तीच शिट्टी."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, तर ते म्हणाले, "तुला उशीर होतोय."

कॉलेजात मी आमच्या विभागातल्या सरांना गाठलं. त्यांना पाखरांचं चांगलं कळतं. मी घरचं काही बोलले नाही, फक्त शिट्टीचं वर्णन केलं. ते हसले. "शीळकरी कस्तूर. काळपट निळं पाखरू, ओढ्याकाठी राहतं, पावसाळ्यात गातं. हुबेहूब पोरगं शिट्टी मारत चाललंय असं वाटतं." त्यांनी मला फोनवर आवाजही ऐकवला. माझ्या जिवात जीव आला. मग ते म्हणाले, "फक्त ते असं ठरलेलं तीन सुरांचं गात नाही सहसा. वाट फुटेल तसं, लांबलचक भरकटत गातं. पण एखादं असेल तसं."

ते शेवटचं वाक्य मी आप्पांना सांगितलं नाही. पाखराचं तेवढं सांगितलं. ते नुसतं "असंल" म्हणाले. पण त्यांची झोप उडाली होती, जेवण कमी झालं होतं. ते पाखरू एकदा त्यांना डोळ्यांनी दाखवलं तर सुटतील, असं माझ्या मनानं घेतलं. गौरी विसर्जनानंतरच्या रविवारी मी त्यांना आणि मुलांना घेऊन पुन्हा निघाले. हे माझंच डोकं होतं, दुसऱ्या कुणाचं नाही.

त्या दिवशी सकाळी ऊन होतं. ओढ्याकाठी तेरड्याची गुलाबी फुलं फुलली होती. मुलीनं ते पाखरू शोधलंसुद्धा. पाण्यातल्या एका दगडावर बसलेलं, कपाळावर निळी झाक. "आज्जा, बघा की!" आप्पांनी डोळ्यांवर हाताची सावली धरून बराच वेळ बघितलं. पाखरू काही गायलं नाही. शेपटी एकदा उघडली, मिटली आणि उडून गेलं.

मग खालच्या दरीतून धुकं वर आलं. ते चढताना दिसत होतं. आधी पलीकडची झाडं गेली, मग ओढा गेला, फक्त त्याचा आवाज राहिला. मी म्हणाले, "सगळ्यांनी हात धरा." धाकट्याचा हात माझ्या हातात आला. दुसऱ्या हातात आप्पांचा. मुलगी नव्हती.

मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. माझा आवाज कापसात गेल्यासारखा जवळच विरून गेला. आणि मग शिट्टी ऐकू आली. दोन आखूड, एक लांब.

"तीच मारतेय," धाकटा म्हणाला. "ताई मारतेय."

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं तशीच शिट्टी आली. मग दोन्ही एकदम. मला त्यांतली माझ्या मुलीची कुठली ते कळेना. स्वतःच्या पोरीचा आवाज ओळखता येऊ नये, याच्यासारखी भीती मला माहीत नाही.

आप्पांनी माझा हात सोडवून घेतला. ते दोन पावलं पुढं गेले आणि छाती फुटेल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "ओ! आक्का, ओ! मी हितं हाय!"

ते ओरडतच राहिले. मध्ये श्वास घ्यायला थांबायचे आणि पुन्हा "ओ". मी त्यांना थांबवलं नाही. धाकटा माझ्या कमरेला मिठी मारून रडायला लागला. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मला तो तासभराचा वाटला, पण नंतर घड्याळ बघितलं तर दहा मिनिटंही झाली नव्हती. धुक्यात एक काळपट ठिपका दिसला, त्याला हात-पाय आले, आणि ती माझी मुलगी झाली. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत पानांचा कचरा. ती रडत नव्हती.

"कुठं गेलतीस गं?" मी तिला हलवून विचारलं.

"मी शिट्टीच्या मागं गेले. मी मारली की ती मारायची. पुढं पुढं जायची. मग एकदम माझ्या मागून आली, अगदी कानाजवळ. म्हणून मी थांबले आणि वळले. तेव्हा मला पायाजवळ खड्डा दिसला." तिनं केसांतलं एक पान काढून टाकलं. "मग आज्जांचा आवाज आला. त्या आवाजावर आले."

धुकं जरा विरळ झाल्यावर ती आम्हाला तिथं घेऊन गेली. जांभ्या दगडात एक भेग होती, माणूस आत जाईल एवढी, वरून नेच्यानं झाकलेली. आतून थंड हवा येत होती. तिच्या पावलांचे ठसे कडेपासून एका वितीवर थांबले होते. आप्पा कडेला वाकून आत बघत राहिले. मी त्यांचा सदरा मागून धरून ठेवला होता.

तिथून आप्पांची वाडी जवळ होती. मुलं भिजून कुडकुडत होती, म्हणून आम्ही खाली उतरलो. पहिल्याच घराच्या सोप्यात एक म्हातारी सुपारी कातरत बसली होती. तिनं आम्हाला आत बोलावलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं आणि आप्पांकडं निरखून बघत म्हणाली, "तोंडवळा बापाचाच हाय. तू मास्तर झालास म्हणं."

आप्पांनी तिला ओळखलं नाही. ती आक्काबरोबर गुरं राखायला जायची. वय ऐंशीच्या घरात, पण नजर लख्ख.

मी तिला झालेलं सांगितलं. भेगेचं ऐकून ती म्हणाली, "त्यात तवाच उतरून बघितलतं. दोर लावून माझा बा उतरलता. चिखल आणि वटवाघळं, दुसरं काय बी न्हवतं." मग शिट्टीचं ऐकल्यावर ती हसली. दात नव्हते, त्यामुळं ते हसू लहान मुलासारखं दिसलं.

"ती शिट्टी आक्काची कुठली रं? पाखराची हाय ती. ओढ्याकाठचं. आमी दोघी त्याच्याकडनं शिकायला बसायचो. तिला जमली, मला जमली न्हाय."

आप्पांच्या हातातला कप तसाच राहिला. "आक्का पाखराकडनं शिकलती?"

"व्हय तर. आमच्या आधीपासनं हाय ती रानात. माझी आजी सांगायची."

"आणि त्या दिवशी?" आप्पांचा आवाज ओरडून बसला होता. "त्या दिवशी मी तीनदा ऐकली. ती तिची का पाखराची?"

म्हातारीनं अडकित्ता खाली ठेवला. "त्या दिवशी पाखरू सकाळपासनं वराडत हुतं. मी बी ऐकलं. आता कुठली कुणाची, ते मी कसं सांगू? तुला ठाऊक न्हाय, मला ठाऊक न्हाय." मग ती म्हणाली, "पर तू लहान हुतास रं. तुझ्या ओ देण्यानं काय झालं असतं?"

आप्पांनी चहा संपवला. निघताना वाडीतल्या दोघा माणसांना त्यांनी ती भेग दाखवली आणि तिच्याभोवती दगड रचून घ्यायला सांगितलं. त्यांनी त्याच आठवड्यात रचले, असं नंतर कळलं. परतीच्या बसमध्ये मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तिच्या मागून आलेली ती शिट्टी कुणाची, हे मी तिला विचारलं नाही आणि स्वतःलाही फारसं विचारत नाही. सरांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, पाखरू उडून मागं गेलं. बरोबरच आहे. पाखरं उडतात.

आप्पा पुन्हा जेवायला लागले. एवढंच नाही, बोलायलाही लागले. आक्का झाडावर कशी चढायची, म्हशीच्या पाठीवर उभी राहून ओढा कशी ओलांडायची, तिला अर्धी भाकरी कधी पुरली नाही. मुलं जेवताना रोज विचारायची, "आज आक्काआज्जीचं काय?" पासष्ट वर्षं जिचं नाव घरात निघालं नव्हतं, ती आमच्या पंगतीला बसायला लागली. कधीकधी आप्पा बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि खिडकीकडं कान द्यायचे. बाहेर रिक्षा जात असायची.

पितृपक्ष आला तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "औंदा आक्काचं पान वाढायचं." माझ्या आजीनं मरेपर्यंत ते वाढू दिलं नव्हतं. पोरगी परत येईल आणि मेलेल्यांत आपलं पान बघेल, असं ती म्हणायची. आजी गेल्यावरही कुणी हिंमत केली नव्हती. तिथी कुणाला माहीत नव्हती, म्हणून सर्वपित्री अमावास्या धरली. तिला काय आवडायचं, असं मुलीनं विचारलं. आप्पा म्हणाले, "फणस." फणसाचे दिवस नव्हते. नवरा कामावरून परस्पर खडेबाजारात गेला आणि फणसपोळी शोधून घेऊन आला.

अमावास्येला पाऊस होता. भटजींनी दर्भ दिला, आप्पांच्या ओंजळीत पाणी घातलं आणि विचारलं, "कुणासाठी? नातं सांगा, नाव सांगा."

"थोरली बहीण," आप्पा म्हणाले.

"नाव?"

आम्ही सगळे मागं बसलो होतो. माझ्या तेव्हा लक्षात आलं की मलाही ते माहीत नाही. इतक्या दिवसांत आप्पांनी ते एकदाही उच्चारलं नव्हतं, नुसतं आक्का, आक्का. त्यांचे ओठ हलले आणि थांबले. ओंजळीतलं पाणी गळून चाललं होतं. मग आप्पांनी ते नाव घेतलं, स्पष्ट, वर्गात हजेरी घेताना घ्यावं तसं.